काठीला झेंडा लावला ते वर्ष

माझा मुलगा थरथर कापत होता आणि लोक त्याला हात जोडत होते.

त्याच्या कमरेच्या पट्ट्यात बाबांची काठी होती. काठी म्हणायची म्हणून, त्या वर्षी तो लोखंडी पाइप होता आणि त्याच्या टोकाला भला मोठा तिरंगा. शेजारी माझा पुतण्या, माझ्या धाकट्या जावेचा एकुलता एक मुलगा, दोन्ही हातांनी तोच पाइप धरून उभा. दोघंही कापत होते. माना मागं गेलेल्या, दातखिळी बसलेली, डोळे सताड उघडे. पाइपाचं वरचं टोक खांबावरच्या तारेला टेकलं होतं. पण वर कुणी बघत नव्हतं. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"अंगात आलं! दोघांच्याबी अंगात आलं!" कुणीतरी ओरडलं.

मग काय, गुलाल उडाला. बायांनी पदर पसरले. डीजेवर देशाची गाणी लागली होती, त्यात पोरं "भारत माता की जय" करत होती, म्हातारी माणसं बाबांचा जयजयकार करत होती. पहाटे पाऊस पडून गेलेला, वाटेत सगळा चिखल. माझा मुलगा त्या चिखलात अनवाणी उभा होता, कारण काठी अनवाणीच न्यायची असते.

मी आमच्या ओट्यावर उभी होते. मलाही वाटलं, अंगात आलं. माझे हात जोडलेले होते. माझ्या शेजारी माझी सून होती. ती म्हणाली, "आत्या, ह्यांच्या अंगात कवा येत न्हाई."

एवढं म्हणून तिनं वर बघितलं.

आमच्या घराच्या भिंतीला लाकडी खुंट्या आहेत. त्यांच्यावर बाबांची जुनी काठी ठेवलेली असते. ती बांबूची आहे. तिला बाईनं हात लावायचा नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूनं चूल कुठं आहे हे सांगायच्या आधी हे सांगितलं होतं. भिंत सारवायची झाली तरी काठी आधी पुरुषानं उतरवायची. सुनेनं ती काठी खुंट्यांवरून ओढली, बगलेत धरली आणि गर्दीत घुसली. बांबू लांब होता. दोघातिघांना लागला. ती थांबली नाही. तिनं बांबूचं टोक माझ्या मुलाच्या बरगड्यांत घातलं.

"ये, येडी झाली का! बाबांवर काठी उगारती!" एकानं तिचा पदर धरून मागं ओढलं. दुसऱ्यानं आईवरून शिवी दिली.

पदर त्याच्या हातात राहिला आणि ती पुन्हा पुढं गेली. या खेपेला तिनं सगळं अंग टाकून ढकललं. माझा मुलगा उलटा जाऊन चिखलात पडला. पट्ट्यातून पाइप निसटला, तारेवरून घासत खाली आला, वर ठिणग्या उडाल्या, आणि पुतण्या पाइपासकट खाली गेला. झेंडा त्याच्या तोंडावर पडला.

तेव्हा लोकांना कळलं. जी गल्ली माणसांनी भरली होती ती रिकामी झाली. डीजे मात्र चालूच होता.

आता हे असं कसं झालं ते सांगते. जे नीट माहीत आहे तेवढंच सांगते.

आमचं गाव जिल्ह्याच्या पूर्वेच्या अंगाला आहे. इकडं पाऊस कमी. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊस तोडायला जातं, कुणी संगमनेरकडं, कुणी राहुरीकडं, कुणी कोल्हारकडं. उन्हाळ्यात परत येतं. श्रावणात मात्र सगळे गावात असतात, कारण श्रावणात बाबांची पुण्यतिथी येते. बाबा म्हणजे आमच्या गावचे संत. त्यांची समाधी गावाच्या वरच्या अंगाला आहे. ते कधी झाले, कुठून आले, हे कुणालाच धड माहीत नाही. प्रत्येक कीर्तनकार वेगळं सांगतो. पण लेकीबाळी माहेरी येतात, पुण्याला कामाला गेलेली पोरं रजा काढून येतात.

पुण्यतिथीला काठी निघते. खाली मारुतीच्या पारापासून उचलायची, आमच्या गल्लीतून न्यायची आणि समाधीच्या कळसाला टेकवायची. धरणाऱ्याच्या कमरेला पट्टा असतो, पट्ट्याला चामड्याची वाटी, तिच्यात काठीचं बूड बसतं. एकदा उभी केली की कळसाला टेकेपर्यंत काठी आडवी करायची नाही, हा नेम. काठीचा मान आमच्या घरात. आधी सासरे, मग माझा नवरा, नवऱ्याचे गुडघे गेले तेव्हापासून मुलगा.

मी नवी नवरी होते तेव्हा गावात लाइट नव्हती. काठी संध्याकाळी, दिवेलागणीला निघायची. नंतर लाइट आली. खांब आले, आमच्या गल्लीवरून तारा गेल्या. आता काठी आडवी करायची नाही आणि तार आडवी आलेली. माझा नवरा आणि आणखी दोन-चार जाणती माणसं वायरमनकडं गेली. त्याला म्हणाली, तुमची तार हलत नाही, आमची काठी वाकत नाही, काहीतरी करा. वायरमन भला माणूस होता. म्हणाला, तुमची काठी पारावरून निघाली की मी ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरून लाइट बंद करतो, कळसाला टेकली की चालू करतो. झालं. तो गेला, दुसरा आला. पहिल्यानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. हलगी वाजली की वायरमन डीपीजवळ जाणार, लाइट बंद करणार, प्रसाद खाऊन घरी जाणार. त्याला पुन्हा कुणी सांगायची गरज राहिली नाही. आणि ज्या गोष्टीची गरज राहत नाही ती माणसं विसरतात.

नुसती विसरली असती तरी परवडलं असतं. एका वर्षी एक कीर्तनकार आला. लाइट गेलेली त्यानं बघितली. रात्री कीर्तनात म्हणाला, "बघा, विजेलासुद्धा बाबांची आण आहे. काठी आली की वीज वाट सोडते." टाळ्या पडल्या. बायांनी डोळे पुसले. माझा नवरा पहिल्याच रांगेत बसला होता. घरी येताना मी त्याला म्हटलं, "आवं, त्या महाराजाला खरं सांगायचं की."

तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. लोकांचं मन भरलं. आपलं काय जातंय?"

पुढच्या वर्षी पोरांनी मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला. काठी येते, लाइट जाते, लोक ओरडतात. तो व्हिडिओ पार पुण्या-मुंबईपर्यंत गेला म्हणे. बाहेरगावची माणसं बघायला येऊ लागली. जी पोरं लाइट आल्यावर जन्माला आली त्यांना दुसरं काही माहीतच नव्हतं. ती ते खरंच मानत होती. आमच्या वयाच्या सगळ्यांना खरं माहीत होतं आणि सगळे गप्प होते. कुणी विचारलं तर हसायचे आणि म्हणायचे, बाबांची लीला.

पुण्यतिथी तिथीनं येते, म्हणून तिची तारीख दर वर्षी बदलते. त्या वर्षी ती नेमकी पंधरा ऑगस्टला आली.

पुतण्या आधीच आला होता. पुण्याकडं कंपनीत कामाला होता, अजून लग्न नव्हतं. तोंडानं फटकळ, पण मनानं चांगला पोरगा. जाऊ विधवा, हा तिचा सगळा आधार. गावातल्या पोरांच्या मंडळाचा तोच पुढारी. आल्या आल्या चहाची कपबशी हातात घेऊन मला म्हणाला, "मोठे आई, औंदा बाबा मिलिट्रीत भरती झाले."

"म्हंजे रं?"

"म्हंजे काठीला तिरंगा लावायचा. देव आन देश एकाच दिवशी. आसा योग पुन्हा कवा यायचा?"

मी म्हटलं, "लावा की. बाबांनी कुठं नको म्हटलंय?" झेंड्याचं मला वावडं नाही. माहेरच्या शाळेत मी चौथीपर्यंत शिकले. पंधरा ऑगस्टला शाळेत लाडू मिळायचा, तो अर्धा खाऊन अर्धा मी भावासाठी आणायचे. झेंडा म्हटला की मला अजून तो लाडू आठवतो.

पण पुतण्याचा झेंडा लहान नव्हता. एवढं कापड बांबूला बांधून बघितलं तर बांबू वाकायला लागला. मग त्यांनी शेडनेटचे दोन पाइप आणले, एकाला एक वेल्डिंग करून जोडले आणि वर झेंडा चढवला. माझा नवरा ओट्यावर बसून बघत होता. म्हणाला, "लोखंड कशाला? काठी बांबूचीच आसती."

"नाना, बांबू तुमच्यासारखा झालाय," पुतण्या म्हणाला. "उभा केला की वाकतो."

सगळी पोरं हसली. नवराही हसला.

माझ्या मुलानं पाइप उचलून बघितला. "लई जड हाय रं."

"देशाचा झेंडा हाय, दादा. जड लागायचाच. मी हाय की शेजारी, मी धरतो संगं."

आणि दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. त्या दिवशी शाळेत झेंडावंदनाला एक पुढारी येणार होता. समाधीपुढं सभामंडप देतो असं त्यानं कबूल केलं होतं. त्याला सकाळचीच वेळ होती, पुढं त्याला दुसरी गावं होती. म्हणून ठरलं की झेंडावंदन झाल्यावर लगेच काठी काढायची, म्हणजे पुढाऱ्याच्या हातानं नारळ फोडता येईल आणि मंडपाचं पक्कं होईल.

माझा नवरा म्हणाला, "काठी दिवेलागणीची आसती."

"नाना, पुढारी दिवेलागणीला थांबत न्हाई."

"मग बिगर पुढाऱ्याची काढा."

"आन मंडप? तो काय तुमी बांधनार?"

लाइटचं नवऱ्याच्या तोंडावर आलं होतं, असं त्यानं मला नंतर सांगितलं. पण एवढी वर्षं लीला म्हणून हसलेला माणूस, पोरांच्या घोळक्यात कसा सांगणार की लीला नव्हती, वायरमन होता? त्याला वाटलं, पोरांनी वेळ बदलली तर वायरमनला कुणीतरी कळवलं असेलच. पोरांना तर वायरमनचा यात काही संबंध आहे हेच माहीत नव्हतं. आणि वायरमन त्या सकाळी त्याच्या गावच्या शाळेत मुलांचं संचलन बघत उभा होता. त्याचं काम संध्याकाळी होतं. त्याची काही चूक नाही. हे मी तेव्हाही सांगितलं आणि आताही सांगते.

तारेखाली आल्यावर एक म्हातारा ओरडला होता, "आडवी करा, आडवी करा!" ते मी माझ्या कानांनी ऐकलं. पुतण्यानं त्याला उत्तर दिलं, "काठी आडवी होत न्हाई, आन झेंडाबी होत न्हाई!" पोरांनी शिट्ट्या मारल्या. तो बोलला ते शेवटचं.

कुणीतरी पळत जाऊन डीपीवरचा फ्यूज ओढला. दोघांना एका टेम्पोत घालून नगरला नेलं. मी टेम्पोत मुलाच्या डोक्याशी बसले, जाऊ तिच्या मुलाच्या डोक्याशी. माझा मुलगा घरघरत होता. तिचा काहीच करत नव्हता. ती त्याचे तळहात चोळत होती. तळहात काळे पडले होते. वाटेत ती मला म्हणाली, "बाई, ह्याचे हात गार लागत्यात. चिखलाचे हायेत, म्हणून." मी म्हटलं, "व्हय." दवाखान्याच्या दारातच डॉक्टरनं मान हलवली.

माझ्या मुलाच्या उजव्या हाताची बोटं काढावी लागली. तळहाताचं मांस आतपर्यंत जळून गेलेलं. दोन बरगड्या मोडल्या होत्या, त्या सुनेच्या बांबूनं. डॉक्टरनं विचारलं, हे कशानं? सून म्हणाली, "मी ढकललं." डॉक्टर तिच्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, ढकललं नसतं तर इथं आणायचं काम पडलं नसतं.

गावात ते डॉक्टरनं म्हटलेलं पोहोचलं नाही. गावात वेगळंच पोहोचलं. बाईनं काठीला हात लावला, काठी आडवी केली, म्हणून बाबा कोपले. आधी काय झालं आणि नंतर काय झालं हे सगळ्या गल्लीनं डोळ्यांनी बघितलं होतं. तरी महिनाभरात पुढचं मागं गेलं आणि मागचं पुढं आलं. पाण्याला गेलेल्या सुनेला बाया म्हणायच्या, "नवऱ्याला वाचवाया गेली आन दिराला खाल्लं." ती हंडा भरून घरी यायची. मला तिनं कधी सांगितलं नाही. मला बाहेरूनच कळायचं.

गावाच्या वेशीवर मंडळाच्या पोरांनी फ्लेक्स लावला. त्यावर पुतण्याचा फोटो, मागं तिरंगा, आणि मोठ्या अक्षरांत शहीद. खाली लिहिलं होतं की प्राण गेला पण झेंडा सोडला नाही. पुढारी दहाव्याला आला, फ्लेक्ससमोर उभा राहिला, तेच बोलला. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना. थोड्यांनी वाजवल्या.

जाऊ रोज त्या फ्लेक्सपर्यंत जाऊन यायची. पावसानं त्याचा एक कोपरा सुटला तर तिनं सुतळीनं बांधला. पहिल्यांदा ती मला सारखं एकच विचारायची, "बाई, तुझ्या सुनेनं आधी माझ्याला लोटलं असतं तर?" त्याचा जीव आधीच गेला होता की पाइप पडताना गेला, हे डॉक्टरला सांगता आलं नव्हतं. मी तिला म्हणायचे, "मला म्हाईत न्हाई." खोटं कशाला बोलू? मग तिनं विचारायचं सोडलं आणि फ्लेक्सवरचं बोलायला लागली. "माझा वाघ. जळाला पर झेंडा न्हाई सोडला त्यानं. बघितलं ना तू, बाई? तू वट्ट्यावरच हुतीस."

मी बघितलं होतं. करंट लागला की मूठ आपोआप आवळते. सोडायचं म्हटलं तरी सोडता येत नाही. माझ्या मुलानं शुद्धीवर आल्यावर हेच सांगितलं, सोडायचं होतं, हात ऐकत नव्हता. करंट माणसाला धरतो, माणूस करंटला धरत नाही. हे तिला सांगून मला काय मिळणार होतं? तिच्याकडं एवढंच राहिलं होतं. मी म्हणायचे, "व्हय, बघितलं." हे खोटं नव्हतं. त्यानं सोडला नव्हताच.

असं आणखी वर्षभर चाललं असतं. पण श्रावण जवळ आला आणि समाधीपुढं बैठक बसली.

मंडळाच्या पोरांचं म्हणणं असं की जुनी काठी बाटली. बाईचा हात लागला, माणसाच्या अंगावर गेली, आता ती बाबांच्या कळसाला लावायची नाही. मग दुसरी कुठली? तर तोच पाइप. पोरांनी तो जपून ठेवला होता, घासून पुसून त्याला भगवा आणि तिरंगी रंग दिला होता. म्हणे ती आता शहिदाची काठी. धरायला दोन पोरं तयार होती. एकाला मिसरूडही फुटलं नव्हतं. एकजण म्हणाला, "गेल्या साली बाई आडवी आली म्हणून झालं. औंदा बाबा लाइट घालवनारच."

बायका मागं बसल्या होत्या. माझ्या पुढं जाऊ बसली होती, तिची पाठ मला दिसत होती. मला माहीत होतं की मी तोंड उघडलं तर तिच्याकडचं ते एवढंसं पण जाणार. आणि नाही उघडलं तर त्या दोन पोरांच्या आया पुढच्या वर्षी माझ्याशेजारी अशाच बसणार.

मी उठून उभी राहिले. म्हटलं, "लाइट बाबा घालवत न्हाईत. वायरमन घालवतो. डीपीवरून."

सगळे हसले. एक पोरगा म्हणाला, "आजे, बस खाली. ऊन लागलं तुला."

"ऊन न्हाई लागलं. पहिल्यापास्नं वायरमन घालवतो. गेल्या साली सकाळी काठी काढली, त्याला कुणी सांगितलं न्हाई, म्हणून लाइट गेली न्हाई. ह्या म्हाताऱ्यांना इचारा. सगळ्यांना म्हाईत हाय."

म्हाताऱ्यांनी खाली बघितलं. कुणी जमिनीवर काडीनं रेघा मारायला लागला, कुणी चष्मा पुसायला लागला.

"कोन बोलनार न्हाई व्हय?" मी म्हटलं. "मग मी नावं घेऊ का एकेकाची?"

माझा नवरा भिंतीला टेकून बसला होता. गुडघ्यांमुळं त्याला उठायला वेळ लागतो. तो उठला. म्हणाला, "म्हातारी खरं सांगती. लाइन आली तवा मीच गेल्तो वायरमनकडं."

"नाना, तुमी बाबांना खोटं पाडता?" मघाचाच पोरगा म्हणाला. आता तो हसत नव्हता.

"बाबा खोटे न्हाईत. खोटे आमी." एवढं बोलून तो बसला. वर्षभरात घराबाहेर बोललेलं त्याचं हे पहिलं बोलणं.

कालवा झाला. मंडळाची पोरं उठून उभी राहिली. कुणी म्हणालं, ही घराण्याचा मान वाचवायला बोलते. कुणी म्हणालं, सुनेचं पाप झाकते. एक बाई मला म्हणाली, "देवाच्या दारात असलं बोलती, तुझी जीभ कशी झडत न्हाई?" मी म्हटलं, "झडंल तवा बघू."

मग जाऊ उठली. ती माझ्याकडं वळली.

"तुझं जगलं," ती म्हणाली. "म्हणून तुला खरं बोलाया येतंय."

ती खरं बोलत होती.

"मंजी त्याला सोडता आला न्हाई. व्हय ना? सोडायचा आसंल, पर सोडता आला न्हाई."

मी म्हटलं, "व्हय."

ती पोरांकडं वळली. "त्यो पाइप माझ्या दारात आनून टाका. आत्ताच्या आत्ता. आन ज्यानं कुनी पुन्हा लोखंड हातात घेतलं, त्याच्या दारात जाऊन बसंन मी. पानी पिनार न्हाई."

शहिदाच्या आईपुढं मंडळ काय बोलणार? पाइप तिच्या दारात आला. तिनं तो शेळ्यांच्या गोठ्यावर आडवा टाकला आणि वर पत्रे टेकवले. फ्लेक्सपर्यंत जायचं तिनं त्या दिवसापासून बंद केलं. माझ्याशी बोलायचंही बंद केलं. आमची भिंत एकच आहे. तिच्या भाकरी थापल्याचा आवाज मला येतो, माझा तिला जात असणार.

त्या वर्षी नवा बांबू आणला. मान आमच्या घरातून काढून भावकीतल्या दुसऱ्या घराला दिला. जुनी काठी आमच्या भिंतीवरच राहिली. ती न्यायला कुणी येत नाही आणि टाकून द्यायलाही कुणी धजत नाही. आता भिंत सारवताना सूनच ती उतरवते आणि सूनच चढवते.

नवी काठी दिवेलागणीला निघाली. झेंडा त्यांनी शाळेच्या खांबालाच ठेवला. तो खांबही लोखंडीच आहे, पण तो जागचा हलत नाही. मी ओट्यावर बसले होते. आमच्या ओट्यावरून डीपी दिसते. तिच्याजवळ वायरमनची मोटरसायकल उभी होती. हलगी वाजली, तो उतरला, त्यानं दांडा ओढला. गल्लीत अंधार झाला. काठी तारेखालून गेली, टोक तारेला घासलं, काही झालं नाही.

आणि अंधारात ती पोरं ओरडली, "बघा! घालवली! बाबांनी लाइट घालवली!" मोबाईल वर झाले. जिकडं तिकडं त्यांचे उजेड. ज्यांनी बैठकीत खाली बघितलं होतं ती म्हातारी माणसंही हात जोडून उभी होती. माझ्या नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "बघू नका. आपलं सांगून झालं."

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडची आगाऊ उचल त्यावर मिळते. माझ्या मुलाला कोयता धरता येत नाही. सून आता भावाच्या टोळीबरोबर एकटी जाते, तिचा अर्धा कोयता धरतात. दिवाळीनंतर ती कोल्हारकडं जाते, तेव्हा मुलगा घरी शेळ्या बघतो आणि मी भाकरी करते. डाव्या हातानं तो आता बऱ्याच गोष्टी करायला शिकला आहे. पायजम्याची नाडी तेवढी त्याला अजून बांधता येत नाही.

कुणी विचारलं तर तो सांगतो, बाबांनी वाचवलं. सून समोर असली तरी तेच सांगतो. ती ऐकते आणि हातातलं काम करते. एकदा मी त्याला म्हटलं, "बाबांनी कुठं? हिनं वाचवलं तुला. बरगड्या मोडून."

तो म्हणाला, "बाबांनीच हिला बुद्धी दिली आसंल, आई."

सून चुलीपुढं होती. म्हणाली, "मग भावजींना वाचवायची कुनाला का न्हाई दिली?"

तो उठून शेळ्यांकडं गेला.

पाइपाला दोघांचे हात होते. जावेचा मुलगा गेला. माझा जगला.